लहान ऑनलाइन सॉफ्टवेअर व्यवसायात एका ग्राहकामागचा खर्च कसा मोजावा आणि कसा आवरावा

ऑनलाइन सॉफ्टवेअर विकणाऱ्या लहान व्यवसायाने किंमत ठरवण्यापूर्वी एक कागद काढावा आणि एका ग्राहकामागे महिन्याला आपल्या खिशातून किती रुपये जातात ते त्यावर मांडावे. सर्व्हरचे बिल दर महिन्याला ठळकपणे समोर येते, त्यामुळे बहुतेकांची काळजी त्या बिलाभोवतीच फिरत राहते. पैसा मात्र संदेश, वसुलीचे शुल्क आणि फोनवर खर्ची पडणारे तास अशा वाटांनी झिरपत असतो आणि ग्राहक वाढतील तशा या वाटा रुंदावत जातात. नाशिकमध्ये हे काम करताना मला जे हिशेब उशिरा कळले ते येथे मांडले आहेत.

उदाहरण म्हणून कांदा व्यापाऱ्यांसाठी हिशेबपट्टी (शेतकऱ्याला द्यायची माल, दर व रकमेची पावती) तयार करणारे सॉफ्टवेअर घेऊ. कार्यालय गंगापूर रोडवर आहे आणि ग्राहक लासलगाव, पिंपळगाव बसवंत, येवला, उमराणे येथील बाजार आवारांत आहेत. लिलावात माल घेतला जातो, काट्यावर वजन होते, वजावटी होतात आणि शेतकऱ्याच्या मोबाइलवर वजन, दर व निव्वळ रक्कम जाते. सॉफ्टवेअरचे भाडे महिना १,००० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटी, आणि असे तीस ग्राहक. पुढील आकडे उदाहरणापुरते धरलेले आहेत. प्रत्येकाने त्या जागी आपल्या बिलांवरचे आकडे घालावेत.

एक व्यापारी दिवसाला ६० शेतकऱ्यांचा माल घेतो आणि महिन्यात २५ दिवस लिलाव होतात, म्हणजे १,५०० संदेश झाले. ११० अक्षरांचा मराठी संदेश दोन भागांत मोजला जातो, म्हणून भाग झाले ३,०००, आणि भागाला २० पैसे धरले तर खर्च ६०० रुपये. सर्व्हर, डेटाबेस आणि बॅकअपची जागा यांचे मिळून ३,००० रुपये तीस जणांत वाटले की प्रत्येकी १०० येतात. कार्डाने वसुली केल्यास २ टक्के शुल्क १,००० वर नव्हे, तर कर धरून १,१८० वर लागते, ते सुमारे २४ रुपये. फोनवर आणि प्रत्यक्ष भेटीत ग्राहकामागे दीड तास जातो. तासाची किंमत अवघी २०० रुपये लावली तरी ३००. बेरीज १,०२४ होते. हजार रुपये घेऊन वर चोवीस रुपये पदरचे घालण्याचा हा धंदा झाला, आणि ज्या सर्व्हरच्या बिलाने झोप उडवली होती त्याचा वाटा या बेरजेत दहावा हिस्साही नाही. तीसऐवजी तीनशे ग्राहक मिळाले तर सर्व्हरचा वाटा घटेल, पण संदेश आणि फोन यांचा वाटा जसाच्या तसा राहील. म्हणून कात्री कोठे लावायची याचा क्रम या बेरजेवरूनच ठरवावा.

संदेशांचा खर्च

मराठीत संदेश पाठवणाऱ्याने अक्षरांची मोजणी कशी होते हे नीट समजून घ्यावे. रोमन लिपीतल्या साध्या एसएमएसमध्ये १६० अक्षरे मावतात. त्यात देवनागरीचे एक जरी अक्षर आले तरी संपूर्ण संदेश युनिकोड (सर्व लिपींचा संगणकीय अक्षरसंच) धरला जातो आणि मर्यादा ७० वर येते. संदेश लांबून दोन भागांचा झाला की प्रत्येक भागात ६७ अक्षरेच मावतात. ₹ हे चिन्हही साध्या संचात नाही, त्यामुळे रोमन लिपीतल्या संदेशात हौसेने ते घातले की खर्च गुपचूप वाढतो. शिवाय संगणक अक्षरे आपल्यासारखी मोजत नाही. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार आणि हलन्त ही प्रत्येक स्वतंत्र खूण असते. ‘निव्वळ’ हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो, पण मोजणीत तो सहा अक्षरे खातो.

म्हणून संदेशाचा मजकूर तारेसारखा घासूनपुसून लिहावा. ‘कांदा १२.४० क्विं, दर १४५०, निव्वळ १७२३०’ हा मजकूर मोकळ्या जागा धरून ४० अक्षरांत बसतो आणि व्यापाऱ्याचे नाव व पावती क्रमांक यांसाठी आणखी तीस अक्षरे उरतात. ‘नमस्कार’, ‘धन्यवाद’ आणि ‘आपला विश्वासू’ यांना पट्टीच्या संदेशात जागा देऊ नये. शेतकऱ्याला आकडा हवा असतो. एवढ्या एका बदलाने वरच्या बेरजेतले ६०० रुपये ३०० वर येतात. सर्व्हरवर महिनाभर डोके खपवूनही एवढी बचत साधणार नाही.

दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनुसार व्यावसायिक संदेशासाठी डीएलटी या ऑनलाइन नोंदणी प्रणालीवर पाठवणाऱ्याची, शीर्षकाची (मोबाइलवर पाठवणारा म्हणून दिसणाऱ्या लघुनावाची) आणि मजकुराच्या साच्याची नोंदणी करावी लागते. मंजूर साच्याशी मजकूर जुळला नाही तर संदेश वाटेतच अडवला जातो. म्हणून साचा मंजूर करून घेण्यापूर्वीच मजकूर आखडता घ्यावा. नंतर एक शब्द बदलायचा तरी पुन्हा मंजुरीची वाट पाहावी लागते. संदेश आपल्या शीर्षकाने जाणार की प्रत्येक व्यापाऱ्याच्या, हेही आधी ठरवावे, कारण दुसऱ्या मार्गात प्रत्येक नव्या ग्राहकामागे नोंदणीचे काम वाढते.

व्हॉट्सॲप हा पर्याय आहे, पण फुकट नाही. १ जुलै २०२५ पासून व्यवसायांना साच्यातल्या संदेशामागे एकेक करून आकारणी होते आणि प्रचाराचा संदेश, कामकाजाचा संदेश व ओटीपी यांचे दर वेगवेगळे आहेत. ग्राहकाने आपणहून संदेश पाठवला तर पुढील २४ तासांत त्याला दिलेल्या कामकाजाच्या उत्तरांना पैसे पडत नाहीत. शेतकऱ्याने पट्टी मागावी आणि मग ती पाठवावी अशी रचना जमली तर तिचा लाभ घ्यावा.

माझ्या मते सर्वांत सरळ उपाय असा की, संदेश भाड्यात धरूच नयेत. ५०० किंवा १,००० संदेशांचा रिचार्ज वेगळा विकावा. ‘अमर्याद संदेश’ असे एकदा जाहिरातीत छापले की उन्हाळ कांद्याच्या आवकेत त्याची किंमत आपणच मोजत बसतो.

सर्व्हर कोठे घ्यावा, केवढा घ्यावा

कार्यालयातल्या कपाटात सर्व्हर ठेवण्याचा मोह टाळावा. पावसाळ्यात महावितरणची वीज आणि इंटरनेटची तार एकाच वादळात जाते. क्लाउडचा, म्हणजे मोठ्या कंपनीच्या केंद्रातला भाड्याचा सर्व्हर घेताना मात्र तो शक्यतो देशातलाच घ्यावा: मायक्रोसॉफ्टचे पुण्यातले केंद्र २०१५ पासून, ॲमेझॉनचे मुंबईतले २०१६ पासून आणि गूगलचे मुंबईतले २०१७ पासून सुरू आहे. अमेरिकेतल्या सर्व्हरकडे जाऊन परत यायला प्रत्येक विनंतीला साधारण पाव सेकंद लागतो. एका पावतीसाठी अशा आठ-दहा फेऱ्या होत असतील तर काट्यावर उभा असलेला मुनीम दुसऱ्याच दिवशी वहीकडे वळतो.

डॉलरमध्ये बिल देणाऱ्या सेवांचा दर आज काय आहे एवढे पाहून भागत नाही. २०२० च्या सुरुवातीला डॉलर ७१ रुपयांच्या आसपास होता आणि डिसेंबर २०२५ मध्ये त्याने ९० ओलांडले. सेवेचा दर तसूभर न वाढताही आपला खर्च चौथ्या हिस्स्याहून अधिक वाढला. भाडे रुपयांत आणि खर्च डॉलरमध्ये असेल तर किंमत ठरवताना दहा टक्क्यांची ढिलाई ठेवावी.

बिलातल्या बारीक ओळी दर महिन्याला वाचाव्यात. ॲमेझॉनकडे १ फेब्रुवारी २०२४ पासून प्रत्येक सार्वजनिक आयपीव्ही४ पत्त्याला (सर्व्हरच्या इंटरनेटवरच्या क्रमांकाला) तासाला ०.००५ डॉलर लागतात, म्हणजे विसरून राहिलेला एक पत्ताही महिन्याला सव्वातीनशे रुपयांच्या घरात जातो. सर्व्हरकडून इंटरनेटवर बाहेर जाणाऱ्या डेटाचे पहिले १०० जीबी विनामूल्य असतात आणि त्यानंतर मुंबई केंद्रातून जीबीला सुमारे ११ सेंट लागतात. हिशेबपट्ट्यांच्या फायलींनी ही मर्यादा सहसा गाठली जात नाही, पण ट्रॅक्टरचे तीन-तीन एमबीचे फोटो साठवून ते एकेकदा जरी पाहिले गेले तरी ४५,००० पट्ट्यांचे १३५ जीबी होतात. फोटो मोबाइलमध्येच आकाराने लहान करून मग पाठवावा.

सर्व्हर लहान घ्यावा, पण स्वस्त यंत्रांचा एक गुण ठाऊक असावा. ॲमेझॉनच्या टी मालिकेतली यंत्रे निवांत वेळी ताकद साठवतात आणि गर्दीत ती खर्चतात. साठा संपल्यावर टी२ यंत्र मूळ सेटिंगमध्ये मंदावते, तर टी३ यंत्र वेगाने चालत राहते आणि जादा पैसे लावते. लिलावानंतरच्या दोन-तीन तासांत सगळे व्यापारी एकदम पट्ट्या काढतात, त्यामुळे आपली गर्दी नेमकी साठा संपवणारी असते. पट्टीची नोंद ताबडतोब व्हावी, पण फाइल तयार करणे, संदेश पाठवणे आणि दिवसाचा गोषवारा काढणे ही कामे रांगेत टाकून मागाहून व्हावीत, अशी मांडणी केली की दुप्पट आकाराचा सर्व्हर घ्यावा लागत नाही. खर्चाची मर्यादा ओलांडल्याची सूचना लावून ठेवावी, मात्र सूचना आली म्हणून यंत्र आपोआप थांबत नाही हे लक्षात असावे.

९९.९ टक्के उपलब्धता म्हणजे महिन्याला सुमारे ४३ मिनिटे बंद. ही मिनिटे रात्री तीन वाजता गेली तर कोणाला कळतही नाही आणि लिलावाच्या वेळी गेली तर फोन ठेवता येत नाही. नवी आवृत्ती बाजार बंद असेल त्या दिवशीच चढवावी.

मराठी, मोबाइल आणि बाजार आवार

पट्टीची छापील फाइल तयार करणाऱ्या अनेक लायब्ररींना (तयार कोडच्या संचांना) देवनागरीची जोडणी येत नाही. ‘किलो’मधली वेलांटी भलत्या जागी जाते, ‘व्यापारी’मधला ‘व्या’ पाय मोडल्यासारखा सुटा छापला जातो. आमची पहिली छापील पट्टी पाहून एका वयस्क व्यापाऱ्याने ‘हे कोणत्या राज्यातलं मराठी?’ असे विचारले होते. हार्फबझसारखी अक्षरजुळणी वापरणारी लायब्ररी घ्यावी, किंवा पान एचटीएमएलमध्ये बनवून हेडलेस क्रोमकडून (खिडकी न उघडता चालणाऱ्या क्रोम ब्राउझरकडून) छापून घ्यावे. दुसरा मार्ग सोपा आहे, पण क्रोमला मेमरी भरपूर लागते, म्हणून एका वेळी एक-दोनच फायली बनतील अशी रांग येथेही ठेवावी.

आवारात नेटवर्क अधूनमधून जाते. मुनीम बटण दाबतो, उत्तर येत नाही, तो पुन्हा दाबतो आणि एकाच मालाच्या दोन पट्ट्या होतात. यावर उपाय असा की, पावतीचा एकमेव क्रमांक सर्व्हरवर न काढता मोबाइलवरच आधी तयार करावा आणि तो क्रमांक पूर्वीच आलेला असेल तर सर्व्हरने नवी नोंद न करता जुनीच परत द्यावी. हे काम दोन दिवसांचे आहे. ते न केल्यास दुहेरी पट्ट्या निस्तरण्याचे फोन रोज येतात, आणि वरच्या बेरजेतले दीड तास बहुतांशी अशाच फोनांचे असतात. कोणत्या कारणासाठी किती फोन आले याची वही ठेवावी आणि महिन्याअखेरीस सर्वांत वरच्या कारणाचा कायमचा बंदोबस्त करावा. नवे वैशिष्ट्य जोडण्यापेक्षा मी या कामाला नेहमी वरचा क्रम देतो.

बॅकअप

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत एका अभियंत्याने चुकून मुख्य डेटाबेसच्या सर्व्हरवरचाच डेटा पुसला. बॅकअपच्या अनेक पद्धती होत्या, परंतु ऐन वेळी त्या उपयोगी पडल्या नाहीत: एक बॅकअप आवृत्तीच्या तफावतीमुळे होतच नव्हता आणि तो होत नसल्याचे ईमेल पोहोचतच नव्हते. योगायोगाने काही तास आधी हाताने घेतलेली प्रत सापडली म्हणून नुकसान सुमारे सहा तासांच्या डेटावर निभावले. कंपनीने हे सर्व स्वतःच प्रसिद्ध केले. १० मार्च २०२१ रोजी फ्रान्समधल्या स्ट्रासबर्ग येथे ओव्हीएच कंपनीच्या डेटा सेंटरला आग लागली, तेव्हा ज्यांचे बॅकअपही त्याच ठिकाणी होते त्यांचे दोन्ही गेले.

आमची गोष्ट याहून लहान, पण तितकीच लाजिरवाणी आहे. दीड वर्ष रोज रात्री बॅकअप व्यवस्थित होत होता. पहिल्यांदा तो परत भरून पाहिला तेव्हा आकडे सगळे बरोबर होते आणि शेतकऱ्यांच्या नावांच्या जागी प्रश्नचिन्हांच्या ओळी होत्या. बॅकअप काढणारी आज्ञा भलत्याच अक्षरसंचात लिहीत होती. मूळ डेटाबेस शाबूत होता म्हणून बचावलो. तेव्हापासून महिन्याला एकदा बॅकअप वेगळ्या यंत्रावर भरतो, पाच पट्ट्या डोळ्यांनी वाचतो आणि भरायला किती मिनिटे लागली ते लिहून ठेवतो. एक प्रत दुसऱ्या शहरात, शक्य असल्यास दुसऱ्याच कंपनीकडे असावी आणि ती पुसण्याचा अधिकार मुख्य सर्व्हरच्या पासवर्डला नसावा.

वसुली आणि कर

यूपीआय आणि रूपे डेबिट कार्डावर जानेवारी २०२० पासून व्यापारी शुल्क नाही, तरीही गेटवे, म्हणजे ऑनलाइन पैसे स्वीकारून देणारी मधली कंपनी, स्वतःचे शुल्क लावू शकते, म्हणून करार वाचून मगच सही करावी. आपोआप कापल्या जाणाऱ्या रकमेसाठी रिझर्व्ह बँकेचे नियम आहेत: कापण्याच्या किमान २४ तास आधी ग्राहकाला सूचना जावी लागते आणि १५,००० रुपयांपर्यंतच्या रकमेला दर वेळी वेगळा ओटीपी लागत नाही. वर्षाचे भाडे दहा महिन्यांच्या दराने १०,००० ठेवले तर कर धरून ते ११,८०० होते आणि या मर्यादेत बसते. बारा वेळा मागण्यापेक्षा एकदाच मागावे. कार्डाचे तपशील स्वतःकडे साठवू नयेत. १ ऑक्टोबर २०२२ पासून विक्रेत्यांना ते साठवण्याची मुभाच नाही.

महाराष्ट्रात सेवा पुरवणाऱ्याला वार्षिक उलाढाल २० लाखांवर गेल्यावर जीएसटी नोंदणी लागते. त्याआधी स्वेच्छेने नोंदणी करावी का, हे आपला ग्राहक कोण आहे यावर अवलंबून ठेवावे. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या कारखानदाराला आपण लावलेल्या १८ टक्क्यांची त्याने भरायच्या जीएसटीतून वजावट मिळते, त्यामुळे त्याला फरक पडत नाही. ताज्या कांद्यावर मात्र जीएसटी नाही. केवळ कांद्याचाच व्यापार करणाऱ्याला ही वजावट मिळत नाही आणि त्याच्या दृष्टीने आपल्या सॉफ्टवेअरची किंमत १,००० नसून सरळ १,१८० असते. परदेशी कंपनीकडून सेवा घेताना नोंदणी असल्यास कर आपणच उलट आकारणीने भरून वजावट घ्यावी लागते. दर महिन्याचे परदेशी बिल चार्टर्ड अकाउंटंटकडे न विसरता द्यावे. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे, ती करून ठेवावी. व्यवसायकराचे वर्षाचे २,५०० रुपये किरकोळ वाटतात, पण विसरले की दंडासह आठवण होते.

माहितीची जबाबदारी

शेतकऱ्याचा मोबाइल क्रमांक आणि बँक खाते आपल्याकडे असते, म्हणून डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम, २०२३ आपल्यालाही लागू होतो. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले असून तरतुदी टप्प्याटप्प्याने अमलात येत आहेत. सुरक्षेची वाजवी व्यवस्था न ठेवल्यास दंडाची कमाल मर्यादा २५० कोटी रुपये आहे. पट्टीला आधार क्रमांक लागत नसेल तर तो मागूच नये. जे साठवले नाही ते चोरीला जात नाही. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या सरकारी यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग (सर्व्हरवरच्या घडामोडींच्या नोंदी) १८० दिवस जपावे लागतात. लॉगच्या या जागेचा खर्चही त्या पहिल्या कागदावर चढवावा.

हंगाम आणि हाताशी ठेवायचे पैसे

सर्व ग्राहक एकाच धंद्यातले आणि एकाच जिल्ह्यातले असले की प्रचाराचा खर्च वाचतो, पण त्या धंद्याचे दुखणे आपलेही होते. ऑगस्ट २०२३ मध्ये कांद्यावर ४० टक्के निर्यातशुल्क लागले, २० सप्टेंबरपासून नाशिक जिल्ह्यातल्या व्यापाऱ्यांनी लिलाव बंद ठेवले आणि डिसेंबरमध्ये निर्यातबंदी आली. लिलाव बंद असताना संदेश जात नाहीत, पण सर्व्हर, माणसे आणि कार्यालयाचे भाडे चालूच राहते. ज्यांनी वर्षाचे पैसे आधी घेतले त्यांना असा काळ सोसतो. दर महिन्याला वसुली करणाऱ्याला ‘बाजारच बंद आहे, कशाचे पैसे?’ हे उत्तर मिळते. किमान तीन महिन्यांचा स्थिर खर्च वेगळ्या खात्यात ठेवावा. द्राक्षांचे पॅकहाऊस किंवा किराणा घाऊक व्यापार असा निराळ्या हंगामाचा दुसरा ग्राहकवर्ग हळूहळू जोडावा.

आता पहिला कागद पुन्हा मांडावा. एका भागात बसणारा संदेश ३००, सर्व्हरचा वाटा १००, दुहेरी पट्ट्या थांबल्यावर एक तास फोन २०० आणि बँकेतून थेट वर्षाचा भरणा घेतल्याने गेटवेचे शुल्क शून्य, अशी बेरीज ६०० होते. वर्षाला १०,००० म्हणजे महिन्याला सुमारे ८३३ रुपये येतात आणि २३३ उरतात. संदेशांचा रिचार्ज वेगळा विकला तर ५३३. तीस ग्राहकांचे महिन्याला सोळा हजारांच्या आत होतात. त्यातून अकाउंटंटचे शुल्क आणि कार्यालयाचे भाडे गेल्यावर एका माणसाचा पगारही सुटत नाही, तेव्हा साठ-सत्तर ग्राहक होईपर्यंत दुसरे एखादे काम हाती ठेवावे आणि नोकरी सोडण्याची घाई करू नये.

ग्राहक सोडून जाताना त्याच्या सर्व पट्ट्या एक्सेलमध्ये एका बटणावर काढून द्याव्यात. ही सोय पहिल्या दिवसापासून असावी, कारण नवा व्यापारी करार करण्यापूर्वी हेच विचारतो. डोमेन, क्लाउड आणि डीएलटी यांची खाती एका भागीदाराच्या खाजगी ईमेलवर न ठेवता व्यवसायाच्या ईमेलवर ठेवावीत, त्यांचे पासवर्ड दोघांजवळ असावेत आणि बिल ज्या कार्डावर जाते त्याची मुदत कधी संपते ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहावे. संकेतस्थळ सुरक्षित असल्याचे दाखवणाऱ्या एसएसएल प्रमाणपत्रांची कमाल मुदतही टप्प्याटप्प्याने घटत असून मार्च २०२९ पासून ती ४७ दिवसांवर येणार आहे, तेव्हा ते नूतनीकरण कॅलेंडरवर न सोडता आजच स्वयंचलित करून घ्यावे.